अनित्य दोष

अलंकारशास्त्राच्या अभ्यासक्रमात दोषप्रकरण बहुधा शेवटी येते, आणि तोवर परीक्षा जवळ आलेली असल्याने ते यादीच्या रूपातच विद्यार्थ्यांच्या वहीत उतरते. श्रुतिकटू, च्युतसंस्कृती, ग्राम्य, अश्लील अशी नावे पाठ होतात आणि परीक्षा संपल्यावर विसरली जातात. या प्रकरणात एक भेद मात्र असा आहे की तो साहित्याबाहेरही दूरवर उपयोगी पडावा. काही दोष नित्य असतात, काही अनित्य. व्याकरणाला सोडून केलेला प्रयोग बव्हंशी कुठेही दोषच ठरतो. श्रुतिकटुत्वाचे तसे नाही. कानाला टोचणारी कठोर वर्णरचना शृंगारात रसभंग करते. तीच रौद्रात आली तर दोष राहत नाही, उलट रसाला साहाय्य करते. नवव्या शतकात आनंदवर्धनाने हे ओळखले आणि अकराव्या शतकात मम्मटाच्या विवेचनात ते व्यवस्थित मांडले गेले. म्हणजे असा दोष शब्दाच्या अंगाला कायमचा चिकटलेला नसतो. त्या शब्दाकडून आपण कोणते काम करून घेऊ पाहतो, त्यावर तो दोष आहे की नाही हे ठरते.

हा भेद मी अनेक वर्षे शिकवत आले आहे. त्याचा अगदी तांब्यातला दाखला मात्र मला २०२० सालच्या पावसाळ्यात मिळाला, आणि तोही साताऱ्यातल्या आमच्या घरच्या इंटरनेटच्या जोडणीने दिला. शास्त्रकारांच्या मनात ‘अनित्य’ या शब्दाचा अर्थ ‘कधी असणारा, कधी नसणारा’ असा नव्हता, याची मला जाणीव आहे. आमच्या लाईनीचा दोष मात्र दोन्ही अर्थांनी अनित्य होता.

त्या वर्षीच्या मार्चअखेरीस टाळेबंदी आली आणि पावसाळ्यात नवे शैक्षणिक वर्ष घरूनच सुरू झाले. समोर पडद्यावर चाळीस-बेचाळीस नावे आणि त्यांच्यामागे जिल्हाभर पांगलेली मुले. कुणी कोरेगावला, कुणी पाटणच्या वरच्या अंगाला, कुणी जावळीच्या खोऱ्यात. त्यांच्यापर्यंत माझा आवाज पोहोचवण्याचे साधन म्हणजे दूरध्वनीची जुनी तार. गल्लीत तोवर फायबर आलेले नव्हते, आणि घरात मोबाइलचे नेटवर्क खिडकीच्या एका कोपऱ्यापुरते मर्यादित होते.

या तारेचे काम थोडक्यात सांगणे आवश्यक आहे, कारण पुढचे सारे त्यावर उभे आहे. एक्स्चेंजपासून घरापर्यंत तांब्याच्या दोन बारीक तारा एकमेकींना पीळ घालून येतात. बोलण्यासाठी या जोडीचा फारच थोडा भाग लागतो. साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ कंपनसंख्येत माणसाचा आवाज समजण्याजोगा जातो. त्याच्या वरचा सगळा प्रदेश मोकळा पडलेला असतो. डीएसएलने तो प्रदेश वापरात आणला. एडीएसएल या प्रकारात सुमारे ११ लाख हर्ट्झपर्यंतची जागा शेकडो अरुंद पट्ट्यांत विभागली जाते, आणि कोणत्या पट्टीत किती गोंगाट आहे ते पाहून मोडेम प्रत्येक पट्टीवर झेपेल तेवढाच भार टाकतो. एकाच वाटेने खालून सासूबाईंचे बोलणे जाते आणि वरून माझे व्याख्यान. दोघांची सरमिसळ होऊ नये म्हणून भिंतीवर एक छोटी डबी बसवलेली असते, तिला स्प्लिटर म्हणतात.

एडीएसएलमधला ‘ए’ हा विषमतेचा आहे. घराकडे येणाऱ्या प्रवाहाला मोठा वाटा, घरातून जाणाऱ्याला लहान. ही कल्पना जोसेफ लेचलायडर या अमेरिकी अभियंत्याची. एक्स्चेंजच्या तोंडाशी शेकडो जोड्या एकत्र येतात आणि एकीतले दुसरीत झिरपते. घरून येणारे क्षीण संदेश त्या गर्दीत बुडतात. तेव्हा जाणारी वाट अरुंदच ठेवावी आणि येणारी रुंद करावी, असा तो हिशेब. शिवाय घरातला माणूस मुख्यतः पाहील, वाचील, ऐकेल. बोलेल थोडेच, हेही त्यात गृहीत होते. ही तार श्रोत्यासाठी घडवलेली होती. २०२० साली तिच्यावर वक्ता बसवला गेला.

दोषाचे लक्षण असे. तास सुरू होऊन दहा-पंधरा मिनिटे झाली की माझा आवाज तुटू लागे, मग चित्र गोठे आणि शेवटी सगळे बंद. दोन-तीन मिनिटांनी जोडणी आपोआप परत येई. कधी तासात एकदा, कधी पाच वेळा. आणि कधी सबंध दिवस एकदाही नाही. पूर्ण बंद पडलेली लाईन दुरुस्त करणे सोपे असते, कारण तिचे बंद असणे कुणालाही दाखवता येते. येऊन-जाऊन असणाऱ्या दोषाची अडचण अशी की साक्षीदार येईपर्यंत तो निघून गेलेला असतो.

पहिली गोष्ट म्हणजे काय तुटते आहे हे पाहणे. मोडेमवर दोन वेगळे दिवे असतात. एक ‘डीएसएल’चा, दुसरा ‘इंटरनेट’चा. पहिला स्थिर असून दुसरा विझला तर तारेचे काम ठीक आहे, पलीकडे नाव आणि पासवर्ड पटवण्यात किंवा त्याच्याही पुढे काही अडले आहे. पहिलाच लुकलुकू लागला तर एक्स्चेंजशी असलेला तारेचा संवादच तुटला आहे. मोडी कागदाचे वाचन करणाऱ्यांना हा भेद लगेच कळेल : अक्षर लागत नाही ही एक अडचण, आणि अक्षर लागूनही अर्थ लागत नाही ही दुसरी. आमच्याकडे दर वेळी पहिला दिवा लुकलुकत होता. त्यामुळे संगणक, त्यातली प्रणाली, व्याख्यानासाठी वापरले जाणारे सॉफ्टवेअर हे सारे संशयित एका फटक्यात सुटले. वायफायही सुटले, तरी खात्रीसाठी मी दोन दिवस संगणक केबलने जोडून पाहिला.

पुढचा नियम असा की एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि बदलल्यावर पुरेसा वेळ थांबायचे. सगळे एकदम बदलले आणि दुखणे थांबले तर कशामुळे थांबले हे कळत नाही. ते परत आले की आपण पुन्हा पहिल्या पायरीवर असतो. आधी स्प्लिटर बदलला. मग आतल्या खोलीत नेलेली फोनची जादा तार सोडवली. मग मोडेम थेट पहिल्या रोझेटवर, म्हणजे बाहेरची तार घरात जिथे प्रथम उतरते त्या डबीवर, जोडला. मग शेजारच्यांचा मोडेम दोन दिवस उसना आणला. मग ॲडॉप्टर बदलला. प्रत्येक बदलानंतर दोन दिवस, असा दीड आठवडा गेला. दोष आपल्या जागी होता.

एक उपाय सांगण्यासारखा आहे. मध्यम लहरींच्या आकाशवाणीचा पट्टा आणि एडीएसएलचा वरचा भाग काही अंतर एकमेकांवर येतात. पुणे केंद्राची ७९२ किलोहर्ट्झ ही जागा एडीएसएलच्या प्रदेशातच पडते. म्हणून घरातले एखादे यंत्र लाईनीत खरखर ओतत असेल तर ती साध्या ट्रान्झिस्टरवर ऐकू येते : दोन केंद्रांच्या मधल्या निःशब्द जागी काटा ठेवायचा आणि ट्रान्झिस्टर हातात घेऊन घरभर फिरायचे. सासऱ्यांचा जुना ट्रान्झिस्टर माळ्यावरून काढला. एका एलईडी दिव्याजवळ तो चांगलाच खरखरला. दिवा बंद ठेवला. दोष तरीही राहिला. निदान एक संशयित रीतसर सुटला.

मोडेमचे स्वतःचे एक पान असते. ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ असा पत्ता दिला की ते उघडते आणि त्यात लाईनीची प्रकृती आकड्यांत लिहिलेली दिसते. तारेच्या लांबीमुळे संदेश किती क्षीण झाला तो एक आकडा. आमच्याकडे तो ३८ डेसिबल होता आणि कायम तेवढाच राही. संदेश गोंगाटाच्या किती वर आहे आणि त्यात किती सवड उरली आहे तो दुसरा आकडा. ही सवड सहाच्या वर असली की साधारणपणे चिंता नसते. आमची सवड सकाळी नऊ, दुपारी चार, मग दोन, आणि मग दिवा लुकलुकू लागे.

त्याच पानावर चुकांचे दोन रकाने असतात, ते साहित्याच्या माणसाने जरूर पाहावेत. पहिल्यात ज्या चुका झाल्या पण दुरुस्त करून घेता आल्या त्यांची मोजणी. दुसऱ्यात ज्या दुरुस्त होऊ शकल्या नाहीत त्यांची. चुका दुरुस्त होतात त्या अशा : पाठवणारा मजकुराबरोबर थोडा जादा मजकूर गणिताने काढून पाठवतो, त्यावरून घेणाऱ्याला हरवलेले भरून काढता येते. रीड आणि सॉलोमन या दोघांनी १९६० साली मांडलेली पद्धत येथे वापरली जाते. शिवाय मजकुराचे तुकडे पाठवण्याआधी विखरून टाकतात, म्हणजे एखादा तडाखा बसलाच तर सलग वाक्य जात नाही, ठिकठिकाणचे एकेक अक्षर जाते. हे वाचताना वेदपाठाच्या पद्धती आठवल्यावाचून राहिल्या नाहीत. क्रमपाठ, जटापाठ, घनपाठ यांत तीच पदे जोडीजोडीने, पुढून-मागून पुनःपुन्हा म्हटली जातात, ती अर्थासाठी नव्हे. एका ठिकाणी स्मृती चुकली तर दुसऱ्या ठिकाणी ती पकडली जावी यासाठी. ज्याला आपण पुनरुक्ती म्हणून नावे ठेवतो, ती वहनाच्या शास्त्रात रक्षणाची तरतूद ठरते. पुनरुक्तीही अनित्य दोषच म्हणायचा.

इतकी तयारी झाल्यावर तक्रार नोंदवली. तक्रारीच्या अर्जात दोषाचे प्रकार निवडायचे होते : फोन बंद, खरखर, इंटरनेट बंद, इंटरनेट मंद. ‘कधी-कधी’ असा प्रकार नव्हता. मी ‘इंटरनेट बंद’ निवडले. दुसऱ्या दिवशी एक तरुण लाईनमन आला, त्याने टेस्ट फोन लावला, डायल टोन ऐकला, एक नंबर फिरवून बोलून पाहिले. आवाज स्वच्छ होता. मोडेमची सवड पाहिली, ती दहा होती. ‘मॅडम, लाईन ओके आहे,’ म्हणून त्याने सही घेतली. चार दिवसांनी दुसरा आला. त्यानेही तेच केले आणि तेच म्हणाला. दोघेही प्रामाणिक होते. त्यांना खरोखरच काही दिसले नाही. पुढच्या फोनवर कंपनीकडून सुचवण्यात आले की ऐकणाऱ्यांच्या बाजूला नेटवर्क कमी असेल, आपण विद्यार्थ्यांना विचारून पाहावे.

सूचना रास्त होती, म्हणून विचारले. गंमत अशी की जवळजवळ प्रत्येकाचे म्हणणे एकच : ‘मॅडम, आमचंच नेटवर्क गेलं असेल.’ मुलांनी दोष आधीच आपल्याकडे घेऊन ठेवला होता. मग मी पाच जणांना एक काम दिले. माझे बोलणे जिथे तुटेल तिथे टिपणात ओळ मोकळी सोडायची आणि समासात वेळ लिहायची. आठवड्याने त्यांनी पानांची छायाचित्रे पाठवली आणि मी ती शेजारी-शेजारी लावून पाहिली.

हस्तलिखितांच्या पाठचिकित्सेत जे करतात तेच हे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात १९१९ ते १९६६ अशी जवळजवळ अर्धशतकभर महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध होत होती. १९२५पासून विष्णु सीताराम सुकथनकर तिचे प्रमुख संपादक होते. त्या कामाचा पायाच हा, की प्रती एकमेकींशी ताडून पाहायच्या आणि कोणता बिघाड परंपरेच्या कोणत्या टप्प्यावर शिरला असेल ते ठरवायचे. एखादी जागा सगळ्या शाखांच्या प्रतींत सारखीच खंडित असेल तर तो खंड त्या सगळ्या जिच्यावरून उतरल्या त्या समान पूर्वजेकडून आलेला असण्याचा संभव मोठा. एकाच प्रतीत असेल तर तो तिच्या लेखनिकाचा, किंवा तिच्या कागदाला लागलेल्या वाळवीचा.

पाच वह्यांतले काही खंड पाचही ठिकाणी एकाच मिनिटाला होते. ते माझे. बाकीचे एकेकट्याचे. जावळीच्या खोऱ्यातल्या एका मुलीच्या वहीत असे एकटे खंड सर्वांत जास्त होते. तिने प्रत्येक मोकळ्या ओळीच्या समासात मिनिटासकट वेळ लिहिली होती आणि काही ठिकाणी कंसात कारणही : पाऊस, बॅटरी, एका ठिकाणी ‘म्हैस सुटली’. देवळाच्या पारावर नेटवर्क येते म्हणून ती तिथे बसून ऐकत असे.

आता निदान माझ्या बाजूला खरोखरच दोष आहे, याला पाच स्वतंत्र साक्षी झाल्या. मी स्वतःचीही नोंदवही अधिक बारकाईने ठेवू लागले. वेळ, सवडीचा आकडा, पाऊस, वीज, आणि घरात त्या वेळी काय चालले होते. तिसऱ्या आठवड्यात रकान्यांवरून बोट फिरवताना एक विलक्षण गोष्ट दिसली. संध्याकाळी सहा ते सात या वेळात जोडणी एकदाही तुटलेली नव्हती. सासूबाई त्या वेळी कराडच्या आपल्या बहिणीशी लँडलाईनवर बोलतात. टाळेबंदीत त्यांचे भेटणे बंद झाले होते आणि रोजचा हा तास त्यांनी कधी चुकवला नाही. फोन खाली ठेवल्यावर तास-दीड तास लाईन चांगली राही, मग सवड हळूहळू उतरू लागे. एखादा फोन वाजला की त्या क्षणी मात्र जोडणी हमखास तुटे.

फोनने इंटरनेट बिघडावे हे ऐकले होते. फोनने ते बरे व्हावे हे विचित्र वाटले. पण याला कारण आहे. तांब्याचा सांधा उघड्यावर राहिला, त्याला ओल लागली की त्यावर बारीक थर चढतो. ताक पितळेच्या भांड्यात कळकते हे आपल्या स्वयंपाकघरांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे, म्हणून तर कल्हई करतात. तारेचा सांधाही तसाच कळकतो. हा थर विजेला अडवतो. फोन खाली ठेवलेला असतो तेव्हा तारेतून प्रवाह जवळजवळ वाहतच नाही. रिसीव्हर उचलला की एक्स्चेंजच्या बॅटरीतून काही मिलिअँपिअर प्रवाह सुरू होतो आणि तेवढ्याने तो थर भेदला जातो, सांधा तात्पुरता शुद्ध होतो. डीएसएलचा स्वतःचा संदेश इतका क्षीण असतो की त्याला हे जमत नाही. म्हणजे दोन्ही लाईनमननी टेस्ट फोन लावला तेव्हा त्यांनी लाईन तपासली नव्हती. नकळत तिच्यावर उपचार केला होता. तपासणीच दोष लपवत होती.

तिसऱ्या तक्रारीला जे आले ते निवृत्तीला आलेले गृहस्थ होते. त्यांनी आधी फोन उचलला नाही. ‘काका, एक वही दाखवू का?’ असे विचारल्यावर ते खुर्चीवर बसले, चश्मा लावला आणि वही सबंध वाचली. मग एवढेच विचारले, ‘रात्री उशिरा, कुणी बोलत नसताना जास्त जातं का?’ मी हो म्हटले. ‘मग जॉइंट आहे कुठंतरी. आज फोनला हात लावायचा नाही कुणी.’ सासूबाईंनी त्या दिवशी बहिणीला मोबाइलवरून निरोप दिला.

त्यांनी लाईन मधोमध तोडून पाहायला सुरुवात केली. गल्लीच्या तोंडाला खांबावर डीपीची पेटी आहे. तिथे भूमिगत केबल संपते आणि घरोघरची तार सुटते. त्यांनी तिथून आमच्या घराकडची बाजू सोडवली, खांबाखालच्या किराणा दुकानातून वीज घेतली आणि माझा मोडेम दुकानाच्या फळीवर, गुळाच्या ढेपांशेजारी, थेट डीपीला जोडला. दोन तास कुणी त्याला हात लावला नाही. सवड अकरावर होती आणि अकरावरच राहिली. म्हणजे एक्स्चेंजपासून खांबापर्यंतचा सारा मार्ग निर्दोष. उरली ती खांबापासून घरापर्यंतची साठ-सत्तर फूट तार. तिच्यावरून डोळे फिरवत ते शेजारच्या वाड्याच्या वळचणीपाशी थांबले. तिथे काळ्या चिकटपट्टीची एक गाठ होती. पट्टी सोडवली तेव्हा आत दोन तारा नुसत्या हाताने पिळून एकमेकींना गुंडाळलेल्या दिसल्या, आणि त्यांच्यावर हिरवट भुकटी. त्यांनी तेवढा भाग कापून टाकला, आत मेणचट जेली भरलेले नवे कनेक्टर बसवले, पक्कडीने दाबले. काम सात मिनिटांचे होते.

साहजिकच मी विचारले, हा जोड असा कुणी केला? प्रश्नात राग होता, कारण दोन महिने गेले होते. काका शिडीवरून उतरता उतरता म्हणाले, ‘कुणी का केला असेना, पंधरा-वीस वर्षं तरी बोलणं चाललं ना त्याच्यावरून?’

हे उत्तर मी नंतर पुष्कळदा मनात उलगडून पाहिले आहे. हा फोन घरात आला १९९४ साली, बरीच वर्षे प्रतीक्षा यादीत राहून. मग कधीतरी फांदी पडून तार तुटली असेल. कुणीतरी पावसात शिडीवर चढून हातात होते त्या साधनांनी ती जोडली असेल. आवाज गेला, आवाज आला, काम झाले. बोलण्यासाठी तो जोड निर्दोष होता. त्याच तारेकडून वरच्या कंपनांचे काम मागितले गेले तेव्हा तो दोषी ठरला. जोड तोच, तांबे तेच, रस बदलला. मग दोष कुणाचा? फांदीचा, पावसाचा, त्या अज्ञात हातांचा, दोन ‘ओके’ लिहिणाऱ्या तरुणांचा, की बोलण्याच्या वाटेवर व्याख्यानांची ओझी चढवणाऱ्या काळाचा? यांपैकी कोणतेही उत्तर मला पहिल्या दिवशी मिळाले असते तरी तार दुरुस्त झाली नसती. ती दुरुस्त झाली, कारण त्या गृहस्थांनी ‘कुणाचा’ हा प्रश्न बाजूला ठेवून ‘कुठे’ हा प्रश्न विचारला आणि मार्ग अर्धा-अर्धा करत त्या जागेपर्यंत गेले. परंपरेने सांगितले आहे की एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, ती अपपाठ शिरलेल्या प्रती पाहूनच. त्या प्रती करणाऱ्यांची नावे कुणी शोधत बसले नाही. ज्यांनी चुकीचे उतरवले त्यांनीच ग्रंथ तीनशे वर्षे पोहोचवलाही होता.

ही गोष्ट तारेपुरती असती तर मी लिहिली नसती. ऑगस्टच्या अखेरीस विभागाची बैठक झाली. उपस्थितीची यादी संगणक आपोआप तयार करत असे, आणि तासाच्या निम्म्याहून कमी वेळ जोडलेला विद्यार्थी गैरहजर धरावा असे ठरले होते. त्या यादीत जावळीच्या मुलीचे नाव एका तासात सात वेळा आले होते, एकूण मिनिटे अकरा. यादीच्या भाषेत ती गैरहजर होती, आणि अशा मुलांची संख्या थोडी नव्हती. ‘मुलं नाव लावून निघून जातात,’ असे एका सहकाऱ्यांचे म्हणणे पडले. काही जात असतील. पण जो एकदा नाव लावून निघून जातो त्याची नोंद सलग असते. जो सात वेळा तुटतो तो सात वेळा परत आलेला असतो. मी पाच वह्यांची छायाचित्रे बैठकीत दाखवली. माझी लाईन तुटली तेव्हा बेचाळीस जणांना कळले आणि तीन लाईनमन घरी आले. तिची तुटली तेव्हा एका रकान्यात एक अक्षर पडले, आणि ते तिच्या नावापुढे पडले. ज्या टोकाला तक्रार नोंदवण्याची सोय नाही, त्या टोकाचा दोष माणसाच्या नावावर चढतो.

चर्चा बरीच लांबली. अखेर हजर आणि गैरहजर यांच्याबरोबर ‘खंडित’ अशी तिसरी नोंद ठेवायची, आणि खंडित विद्यार्थ्याने टिपणे दाखवली तर तो तास धरायचा, असे आमच्या विभागापुरते मान्य झाले. इतर विभागांत ते झाले नाही. त्या मुलीचे सत्र वाचले. तिच्याबरोबरच्या दोघांनी तोवर प्रवेश सोडून दिला होता. त्यांच्या वह्या आम्हाला कधी पाहायला मिळाल्या नाहीत.

२०२२ साली गल्लीत फायबर आले आणि तांब्याची जोडी निकामी झाली. नवी जोडणी निःसंशय चांगली आहे. वीज गेली की मोडेमबरोबर फोनही बंद पडतो, एवढे एक सासूबाईंना पटत नाही. जुन्या फोनला वीज एक्स्चेंजमधूनच येत असे. ब्रॉडबँड म्हणण्यासाठी २००४च्या धोरणात किमान २५६ केबीपीएस वेग धरला होता, तो २०१३ साली ५१२ आणि २०२३ साली २ एमबीपीएस झाला. मोजमापे बदलतात, आणि उद्या आणखी कोणत्यातरी कामासाठी आजचे निर्दोष काच-तंतू सदोष ठरतील.

वर्ग आता पुन्हा खोलीत भरतात. मधूनच कुणाचे लक्ष उडते, कुणी आठवडाभर दिसत नाही, कुणाच्या उत्तरपत्रिकेत एखादे प्रकरणच्या प्रकरण कोरे असते. ‘खंडित’चा रकाना २०२१-२२ नंतर हजेरीपटातून वगळला गेला. मी तो माझ्या वहीत चालू ठेवला आहे.